आजचा शब्द

आपल्याकडे पाहुणे घरी आले की पोहे मागाहून येतात, आधी घरातलं मूल येतं. "ये गं, काकांना म्हणून दाखव." मग ते मूल भिंतीला पाठ टेकवून, हात मागे बांधून उभं राहतं आणि जे काही पढवलेलं असेल ते म्हणून दाखवतं. कुणाकडे श्लोक, कुणाकडे पाढे, कुणाकडे इंग्रजी कविता. नवीन पनवेलला, दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंधतीच्या घरी शब्द होते.

ही गोष्ट एकोणीसशे नव्वद सालची. त्या रविवारी अरुंधतीच्या नवऱ्याच्या, विनायकच्या कारखान्यातले सुपरवायझर दयाराम घरत चहाला आले होते. सात वर्षांची संजना भिंतीशी उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "फोटोसिंथेसिस, क्लोरोफिल, मेटामॉर्फॉसिस, हिमोग्लोबिन, क्रिस्टलायझेशन."

"आयला!" दयारामभाऊंनी बशी खाली ठेवली. "वहिनी, आमच्या मॅनेजरला पन नाय येनार एवढं! पोरगी शास्त्रज्ञ होनार तुमची."

"सगळं हिचं हो," विनायक हसून म्हणाला. "आम्ही फक्त ऐकायचं."

सगळ्यांची नजर संजनाच्या तोंडाकडे होती. अरुंधतीची मात्र तिच्या पायांकडे गेली. फ्रॉकच्या खाली, दोन्ही नडग्यांवर, निळेजांभळे डाग होते. मांडीवर आणखी एक, रुपयाएवढा.

पाहुणे गेल्यावर तिनं संजनाला जवळ ओढलं. "पडलीस कुठे?"

"नाही."

"शाळेत कुणी मारलं?"

"नाही गं आई. आपोआप आले."

आपोआप! अरुंधती मूळचीच काळजी करणारी. मूल झोपलं तरी छाती वरखाली होते का ते बघणारी. तिनं दिवा लावून पुन्हा पाहिलं. डाग दाबले तरी जात नव्हते.

*

अरुंधतीचं शब्दांचं वेड उगाच नव्हतं. ती आपटा गावची. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेली, शाळेत पहिली आलेली. प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, विद्राव्यता हे शब्द तिला नुसते पाठ नव्हते, कळलेही होते. मग ती कॉलेजात आली. पहिल्याच तासाला सर इंग्रजीतून बोलू लागले आणि अख्खा तास तिला एक अक्षर कळलं नाही. शेजारच्या मुलींनी माना डोलावल्या म्हणून तिनंही डोलावली. त्या दिवशी डोलावलेली मान बी.एस्सी. होईपर्यंत तशीच डोलत राहिली. पाठ केलं, उतरवलं, पास झाली. सेकंड क्लाससुद्धा मिळाला.

आपल्या मुलीवर ती वेळ येऊ नये, एवढंच तिला वाटत होतं. म्हणून तिनं एक वही केली. वर्तमानपत्रात, मासिकात, डब्यावरच्या लेबलावर, कुठेही अवघड इंग्रजी शब्द दिसला की तो वहीत. मग शेजारच्या बायका म्हणाल्या, आमच्या मुलांनाही शिकवा ना. दुपारी चार ते पाच असा तिच्या घरी आठ मुलांचा वर्गच भरू लागला. आणि मग बिल्डिंगीच्या जिन्याखाली जो सुविचाराचा फळा होता, तोही तिच्याकडे आला. "नेहमी खरे बोलावे" पुसलं गेलं आणि तिथे रोज सकाळी खडूनं येऊ लागलं, "आजचा शब्द". येणारेजाणारे थांबून वाचायचे आणि कौतुकानं मान हलवायचे. अर्थ कुणी विचारत नसे.

फक्त तळमजल्यावरच्या अबीगेल आपटेकर विचारायच्या. अबीगेलबाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. पस्तीस वर्षं मुंबईच्या इस्पितळात नर्स होत्या. मुलगा डॅनियल इस्रायलला गेलेला, बाई एकट्याच पनवेलला उरलेल्या. आपट्याच्या नात्यानं अरुंधतीला माहेरची म्हणायच्या. एकदा संध्याकाळी जिन्यात पाच-सहा बायका उभ्या असताना त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "अरुंधती, हे एन्ट्रॉपी म्हणजे काय गं?"

अरुंधतीला व्याख्या पाठ होती. ती तिनं घडाघडा म्हटली.

"हो, ते ऐकलं," अबीगेलबाई म्हणाल्या. "पण म्हणजे काय?"

अरुंधतीचे कान तापले. सगळ्यांसमोर आपली परीक्षा घेतात! त्या दिवसापासून ती त्यांना टाळू लागली. संजनाच्या डागांचंही तिनं त्यांना सांगितलं नाही. घरात डागांची मुलगी आणि खाली पस्तीस वर्षं नोकरी केलेली नर्स, पण मधे होता एक शब्द.

*

गावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लहान मुलांचे डॉक्टर यायचे. सकाळी संजनाचं रक्त घेतलं आणि दुपारपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. बाकावर अरुंधतीच्या शेजारी एक कातकरी बाई बसली होती. वीटभट्टीची लाल माती अजून तिच्या टाचांना होती. मांडीवर चार वर्षांचा मुलगा, गालफडं बसलेला.

"शुक्री! कान्हाला घेऊन ये," आतून हाक आली.

दाराला नुसता पडदा होता, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"याला रक्त कमी आहे. लोहाचं औषध देतो," डॉक्टर म्हणाले.

"लोहा म्हंजी? लोखंड?"

"हो, तसंच."

"पोराला लोखंड पाजायचा?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी सांगितलं. पोटात जंत आहेत, ते रक्त पितात, आधी जंतांची गोळी, मग हे औषध.

"जंत म्हंजी किरं. ते मना माईत. पन आलं कुठशी?"

डॉक्टरांनी तेही सांगितलं. अनवाणी फिरणं, नदीचं पाणी, सगळं. शुक्रीचे प्रश्न संपत नव्हते. जेवायच्या आदी का मागं? काळी शी झाली तं भ्यायचा का नाय? आणि शेवटी ती म्हणाली, "आता मी सांगते, तू आयक. चुकला तं बोल." आणि तिनं डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगून दाखवलं. एकदा चुकली, डॉक्टरांनी सुधारलं, तिनं पुन्हा सांगितलं.

बाहेर अरुंधती घड्याळाकडे बघत होती. वीस मिनिटं! किती वेळ घेतात ही माणसं, असं तिच्या मनात आलं. वाचकहो, आपल्याही मनात येतं की नाही रांगेत उभं असताना?

मग तिची पाळी आली. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, संजनाचं पोट तपासलं, हिरड्या पाहिल्या.

"तुमचं शिक्षण?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

"अरे वा. मग सोपं आहे." आणि ते इंग्रजीतून बोलू लागले. इडिओपॅथिक थ्रोम्बोसायटोपेनिक परप्युरा. युज्वली सेल्फ-लिमिटिंग. अव्हॉइड ट्रॉमा, अव्हॉइड सॅलिसिलेट्स. रिपीट काउंट आफ्टर अ वीक. हेच त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. "ओके? एनी क्वेश्चन्स?"

अरुंधतीची मान डोलली. तिनं ठरवून डोलावली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी त्या पहिल्या तासाला जशी डोलली होती, तशीच आपोआप डोलली.

"नो, डॉक्टर. थँक्यू."

चार मिनिटांत ती बाहेर होती.

*

घरी येऊन तिनं वही उघडली आणि ते शब्द सुवाच्य अक्षरात उतरवले. घरातल्या छोट्या शब्दकोशात पहिले तीन नव्हतेच. सॅलिसिलेटही नव्हता. 'लिमिट' तेवढा सापडला. मर्यादा. कशाची मर्यादा? कुणाची? तिनं शब्दकोश मिटला.

विनायक पाळी संपवून आला. "काय म्हणाले?"

तिनं सगळे शब्द म्हणून दाखवले. उच्चार एकही चुकला नाही.

"हं," विनायक म्हणाला. बूट काढत म्हणाला, "मोठं दिसतंय काहीतरी."

"हो."

"पण एवढं नाव आहे म्हणजे औषधही असेलच."

"हो."

त्यालाही कळलं नव्हतं आणि तिलाही. दोघांनी एकमेकांना तसं सांगितलं नाही. दोघं जेवली. आमटीत मीठ नव्हतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढचे दिवस असे गेले की जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. अरुंधतीचे हात काम करत होते. कणीक मळली जात होती, वेणी घातली जात होती, डबा भरला जात होता. संजना काही विचारी आणि कुणीतरी तिला उत्तर देई. तो आपलाच आवाज आहे हे अरुंधतीला थोड्या वेळानं कळे. दुधाचं पातेलं तिनं फडक्याशिवाय उचललं आणि ते गरम होतं हे बोटांवर फोड आल्यावर समजलं. रडू येत नव्हतं. रडावं असं तिला वाटत होतं, पण ते कुठल्या बाजूनं येतं तेच आठवत नव्हतं. रोज सकाळी मात्र ती खाली जाऊन फळा पुसत होती आणि नवा शब्द लिहीत होती. तेवढं एक काम चुकलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी संजनाचं अंग कोमट लागलं. अरुंधतीनं कपाटातली नेहमीची डोकेदुखीची गोळी काढली. घरात कुणालाही कणकण आली की हीच. अर्धी करून, साखरेत चुरून दिली. बुधवारी सकाळी अर्धी, दुपारी जेवल्यावर पुन्हा अर्धी.

त्या सकाळी वहीतला पुढचा शब्द तिनं फळ्यावर लिहिला होता. आजचा शब्द : सॅलिसिलेट.

*

चार वाजता मुलं आली. सतरंजीवर दोन रांगा झाल्या. संजना पहिल्या रांगेत, जरा मलूल.

"म्हणा, सॅलिसिलेट."

"सॅलिसिलेट!"

"पुन्हा."

"सॅलिसिलेट!"

तिसऱ्या वेळी संजनाचा आवाज आला नाही. अरुंधतीनं वळून पाहिलं. संजनाच्या वरच्या ओठावर लाल रेघ होती. ती हनुवटीवर आली, फ्रॉकवर आली, सतरंजीवर टपटपली.

वरच्या मजल्यावरची सुनिता, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, हात वर करून ओरडली, "टीचर, हिमोग्लोबिन!"

"हिमोग्लोबिन! हिमोग्लोबिन!" सगळी मुलं टाळ्या वाजवू लागली. रक्तातला शब्द त्यांना ओळखता आला होता. त्यांना वाटलं, शाबासकी मिळणार.

अरुंधती उभी होती. तिला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण पाय उचलत नव्हते. मग तिनं संजनाचं डोकं मागे टेकवलं, तशी ती ठसकली आणि तोंडातूनही रक्त आलं.

"अगं, मागे नको! पुढे वाकव तिला, पुढे!"

दारात अबीगेलबाई होत्या, हातात भाजीची पिशवी. पिशवी तिथेच टाकून त्या सतरंजीवर बसल्या. संजनाला मांडीशी घेऊन पुढे वाकवलं आणि नाकाच्या मऊ भागावर चिमूट धरली. "तोंडानं श्वास घे, राणी. थुंक, गिळू नको. सुनिता, सगळ्यांना घरी ने. अरुंधती, ओलं फडकं. अरुंधती! ऐकतेस ना?"

दहा मिनिटं झाली. थांबलं नाही. आणखी दहा. मग थेंब विरळ झाले.

"कधीपासून आहेत हे डाग?" बाईंनी हळूच विचारलं.

अरुंधतीनं कपाटातून दवाखान्याचा कागद आणून दिला. अबीगेलबाईंनी एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातात तो घेऊन वाचला. त्यांचा चेहरा बदलला.

"मी फळ्यावरचा शब्द वाचून वर आले होते. म्हटलं, आज अरुंधतीनं औषधाचा शब्द का लिहिला? विचारावं, म्हणजे काय. तर तो इथला आहे होय! काय दिलंस तिला? ताप होता ना? गोळी कुठली?"

"नेहमीची."

"आण इकडे. आता मागं काय छापलंय ते वाच."

चंदेरी पाकिटावर मुंगीएवढी अक्षरं होती. घरात इतकी वर्षं ती गोळी होती, पण ती अक्षरं अरुंधतीनं कधी वाचली नव्हती. अवघड शब्दांसाठी सगळं जग धुंडाळणाऱ्या बाईनं आपलं कपाट वाचलं नव्हतं! तिनं वाचलं. अॅसिटिल सॅलिसिलिक अॅसिड.

आणि तिला दिसलं ते घर नव्हतं. कॉलेजची प्रयोगशाळा. काचेचं भांडं, उकळत्या पाण्यात ठेवलेलं. गाळणकागदावर उरलेले पांढरे सुईसारखे कण. ते वाळवून, वजन करून, छोट्या पुडीत घालून तिनं परीक्षकांसमोर ठेवले होते. वीसपैकी सतरा मार्क! ही गोळी तिनं स्वतःच्या हातांनी तयार केली होती! जर्नलमध्ये तिची कृती लिहिली होती, आकृती काढली होती, सरांची लाल सही घेतली होती. आणि त्या कणांचा आणि घरातल्या गोळीचा काही संबंध आहे, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं!

"मीच दिली," ती म्हणाली. "तीनदा. तिथे लिहिलं होतं, देऊ नका. मी ते वहीत उतरवलं. फळ्यावर लिहिलं. आणि दिली."

"डॉक्टरांना विचारलं नाहीस, म्हणजे काय म्हणून?"

"मला वाटलं… मी बी.एस्सी. आहे ना."

अबीगेलबाई रागावतील असं तिला वाटलं. त्या रागावल्या नाहीत.

"ऐक. आमच्या प्रार्थनेचं पुस्तक पाहिलंयस तू माझ्याकडे? भाषा हिब्रू, अक्षरं मराठी. आईनं शिकवलं तसं मी साठ वर्षं म्हणते. अर्धा अर्थ मला आजही येत नाही. देवासमोर तसं चालतं गं, तो आपलं समजून घेतो. पण आजाऱ्यासमोर नाही चालत. लेकरासमोर नाही चालत. इथे जो शब्द तोंडात घ्यायचा तो आधी उघडून बघायचा. अवघड शब्द वाईट नाहीत, माझी सगळी नोकरी त्यांच्यावर गेली. पण कळला नाही तरी कळल्यासारखं करायचं, हा आपला रोग आहे. शिकलेल्या माणसाला जास्त होतो, कारण न शिकलेल्याला लपवायला काही नसतं."

"लोक काय म्हणतील, हिला एवढंही…"

"म्हणू देत. रिक्षा बोलाव. आणि या वेळी तुझ्या तोंडानं विचार, मी नुसती शेजारी बसेन."

*

डॉक्टर नेमके दवाखान्यात होते. त्यांनी संजनाला आत निजवलं, नाकात बोळा घातला, पुन्हा रक्त घेतलं. बाहेर त्याच बाकावर शुक्री बसली होती. कान्हाला दाखवायला आणलं होतं.

"तुजी पोर का गं बाय? काय झाला?"

अरुंधतीनं तोंड उघडलं. ते तीन शब्द जिभेवर आले, पण तिनं ते गिळले.

"माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला समजलं नाही."

एवढं बोलायला तिला पंधरा वर्षं लागली होती.

शुक्रीला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "मंग इचार ना! आमी तं सोडीत नाय त्याला. त्याचं त्वांड दुखंल, पन आपलं पोर वाचंल."

डॉक्टर बाहेर आले. अरुंधती उभी राहिली. 

"डॉक्टर, त्या दिवशी मी मान डोलावली. मला काही कळलं नव्हतं. हिला जे झालंय, त्याचा अर्थ मला मराठीत सांगा. एकेक शब्द."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "चूक माझीही आहे. तुम्ही शिकलेल्या म्हणून मी सांगणं आवरलं. असं बघा. रक्तात बारीक चपट्या कणिका असतात, जखम झाली की त्या बूच लावतात. हिच्या त्या कमी झाल्यात, म्हणून कातडीखाली रक्त सांडतं. परप्युरा म्हणजे ते जांभळे डाग. तुमच्या गोळीनं उरलेल्या कणिकांचंही काम बंद पाडलं, म्हणून नाक वाहिलं."

"आणि इडिओपॅथिक?"

डॉक्टर ओशाळून हसले. "म्हणजे, का झालं ते आम्हाला माहीत नाही."

"काय?"

"खरंच. कारण सापडलं नाही की आम्ही असं म्हणतो. 'माहीत नाही' असं साधं म्हणायला जड जातं ना, म्हणून ग्रीकमधून म्हणतो."

त्या शब्दापुढे अरुंधतीनं आठ दिवस मान खाली घातली होती. सगळ्यात मोठा, सगळ्यात भारदस्त तोच होता, आणि तो म्हणत होता, मला माहीत नाही!

"आणि लिमिट कशाची?" तिनं विचारलं. "मुलीच्या आयुष्याची?"

"नाही, नाही! अहो, आजाराची! बहुतेक मुलांत हा आपोआप बरा होतो. काही आठवडे, काही महिने. पडू द्यायचं नाही, ही गोळी द्यायची नाही, रक्त तपासत राहायचं. दोन दिवस ठेवून घेतो इथे."

अबीगेलबाईंनी तिचा हात धरला. बोटांवरच्या फोडाला धक्का लागला आणि ते दुखलं. चांगलंच दुखलं. मग तिला रडू आलं. इतके दिवस सापडत नव्हतं ते तिथे, दवाखान्याच्या बाकाशी, शुक्रीसमोर सापडलं.

"एक मिनिट," डोळे पुसत ती डॉक्टरांना म्हणाली. "आता मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तर बोला."

शुक्री खुदकन हसली. "शिकली बाय!"

*

संजना घरी आली. दर आठवड्याला रक्त, दर आठवड्याला धाकधूक. डाग पिवळे पडले, मग पुसट झाले. दिवाळीच्या आत कणिका पुरत्या भरून निघाल्या. अरुंधतीची काळजी गेली असं मी म्हणणार नाही. आईची काळजी जात नसते. ती अजूनही झोपलेल्या मुलीची छाती बघते. पण आता जे विचारायचं ते ती विचारते.

वर्ग बंद पडेल असं शेजारणींना वाटलं होतं. तो बंद पडला नाही. शब्दही तेच राहिले, कारण पुढे कॉलेजात ते लागणारच आहेत, आणि ते येत नाहीत म्हणून कुणाची मान डोलू नये. फक्त आता शब्द नुसता म्हणायचा नाही. तो घरच्या भाषेत सांगायचा, मग म्हणायचं, "आता मी सांगतो, तू ऐक." आणि ज्याला येत नसेल त्यानं हात वर करून "मला माहीत नाही" म्हणायचं, त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या दिवशी संजनानं विचारलं, "आई, क्लोरोफिल म्हणजे काय?" वर्षभर पाहुण्यांसमोर म्हणत होती, आणि विचारलं आत्ता! अरुंधतीनं खिडकीतल्या कुंडीचं पान तोडून पांढऱ्या रुमालावर चोळलं. "हे बघ. हे हिरवं. मी लहानपणी याला हरितद्रव्य म्हणायचे. मला हे चांगलं कळत होतं गं. मधे विसरले."

आणि जिन्याखालच्या फळ्यावर रोजच्या शब्दाखाली आता एक ओळ कायमची असते. ती अबीगेलबाईंच्या वळणदार अक्षरात आहे. "म्हणजे काय?"

मित्रांनो, आपण सगळेच कुठे ना कुठे मान डोलावतो. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, मुलांच्या शाळेत. समोरचा मोठे शब्द बोलतो आणि आपण "हो, हो" म्हणून घरी येतो, आणि मग जे व्हायचं ते आपल्या लेकरांच्या जिवावर होतं. न कळणं यात लाज नाही. न कळता कळल्यासारखं करणं ही लाज. आणि ज्याच्याजवळ शब्द आहेत त्यानंही ते समोरच्याला उघडून दाखवावेत, नाहीतर त्याचं शिकणं कुणाच्या कामाचं नाही. तुम्ही आज कुणाला विचारलंत का, म्हणजे काय?

डिसेंबरात दयाराम घरत पुन्हा चहाला आले. बसल्या बसल्या म्हणाले, "हां, शास्त्रज्ञबाई! म्हना बघू तुमचे शब्द."

संजना भिंतीशी गेली नाही. ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली.

"इडिओपॅथिक," ती म्हणाली.

"वा! वा!" दयारामभाऊंनी मान डोलावली.

"काका, म्हणजे काय, सांगा?"

दयारामभाऊंनी विनायककडे पाहिलं, अरुंधतीकडे पाहिलं, कपात पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. शेवटी त्यांनी कान खाजवला.

"मला नाय माईत बुवा."

"बरोब्बर!" संजना ओरडली आणि टाळ्या वाजवू लागली.